शस्त्रक्रियागृहातील सहकार्य व त्याची पारख



वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची चाल पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली घालून दिली. दिवसभराची काहिली ओसरली की चार माणसांनी एकत्र बसावे आणि एरवी ज्याला सवड होत नाही अशा एखाद्या विषयाचा विचार करावा, एवढाच तिचा साधा हेतू. आजचा आमचा विषय प्रथमदर्शनी डॉक्टरांच्या परिषदेत शोभणारा आहे. आमच्या एका स्नेह्यांनी विचारलेही, 'अहो, ऑपरेशन करणारी मंडळी आपापसांत कशी वागतात, याच्याशी श्रीरामपूरच्या बाजारपेठेला काय कर्तव्य?' आम्ही त्यांना एवढेच म्हटले की, बाजारपेठेतील बहुतेक प्रत्येक माणूस आज ना उद्या त्या टेबलावर निजणार आहे, किंवा त्या दाराबाहेर बसणार आहे.

दाराबाहेरच्या बाकावर ज्यांनी एखादी रात्र काढली आहे, असे या सभेत पुष्कळ जण असतील. त्या वेळी आपण सारे एकच चौकशी करतो. डॉक्टर कोण? त्यांचा हातगुण कसा? हाताला यश आहे असे कोणी सांगितले की निम्मा धीर येतो. हातगुण हा शब्द आम्हांला आवडतो. अनुभव, कसब आणि थोडे दैव या तिन्हींचा त्यात मेळ आहे. पण त्यात एक गफलतही आहे. दाराच्या आत एकाच माणसाचे हात नसतात. शस्त्रवैद्य आणि त्यांचा मदतनीस, भूल देणारा डॉक्टर, हातात हत्यारे देणारी सिस्टर, बाहेरून सामान पुरविणारी दुसरी सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी अशी निदान सहासात माणसे एका देहासाठी राबत असतात. यांपैकी बहुतेकांच्या विद्येची परीक्षा कोठे ना कोठे झालेली असते. या सर्वांचे मिळून कसे चालते, याची परीक्षा मात्र आपल्याकडे सहसा कोणी घेत नाही. त्या न घेतल्या जाणाऱ्या परीक्षेविषयी आज बोलावयाचे आहे.

आपल्या भागातील माणसाला ही गोष्ट समजण्यास अडचण पडू नये. श्रीरामपूर हे साखरेच्या मुलखातले गाव. हरेगाव, टिळकनगर, प्रवरानगर ही नावे ऐकतच आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. गव्हाणीत पडलेला ऊस साखर होऊन पोत्यात जाईपर्यंत किती जणांच्या हातांखालून जातो, हे येथे कोणास सांगावयास नको. पॅनवरचा माणूस कितीही वाकबगार असो, वाफ कमी पडू लागल्याचे बॉयलरवाल्याने त्याला वेळेवर कळविले नाही, तर त्याचे कसब फुकट जाते.

आणि आपले रेल्वे स्टेशन पाहा. गावाचे नाव श्रीरामपूर, स्टेशनाचे नाव मात्र बेलापूर. तेथील मास्तर पुढच्या स्टेशनाला गाडीसाठी वाट मोकळी आहे काय असे विचारतो, तेव्हा पलीकडचा मास्तर नुसते 'हो' म्हणून फोन ठेवीत नाही. तो एक खाजगी क्रमांक देतो, आणि अलीकडचा तो लिहून घेतो. निरोप दिला, पोहोचला आणि नीट समजला, याची ती खूण. इंजिनात चालक आणि सहचालक दोघेही सिग्नल पाहतात आणि तो कोणता आहे हे एकमेकांना मोठ्याने सांगतात. दोघांनाही डोळे आहेत, दोघांचेही शिक्षण झालेले आहे, तरी बोलावयाचे. कारण रेल्वेने अपघातांतून हे शिकून घेतले आहे की, एका माणसाचे डोळे केव्हातरी चुकतात, आणि चुकले तर दुसऱ्याने बोलावयास हवे. आता, जेथे माणसाला बेशुद्ध करून त्याचे पोट उघडतात, तेथे एवढी तरी रीत असावी की नाही?

येथे आम्हांला स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगण्यासारखी नाही, म्हणूनच सांगतो. आमचा व्यवसाय भूल देण्याचा. तालुक्याच्या गावी भूल देणारा डॉक्टर कसा राहतो हे आपणांस ठाऊक असेल. तो एका रुग्णालयाचा नसतो. फोन आला की पिशवी उचलावयाची, मोटारसायकलला लाथ मारावयाची आणि या रुग्णालयातून त्या रुग्णालयात जावयाचे. कधी कधी तर तेथील सिस्टरचे नावही त्याला ठाऊक नसते. पुष्कळ वर्षांपूर्वीच्या अशाच एका रात्री एका लहान रुग्णालयात अडलेल्या बाईचे सिझेरियन होते. गावाचे व रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. मूल सुखरूप निघाले, पण रक्तस्राव बराच झाला. शस्त्रवैद्य निष्णात होते. त्यांनी तो थांबविला. पोट शिवण्यास घेतले तेव्हा सिस्टर हलक्या आवाजात म्हणाली, 'सर, एक मॉप कमी लागतोय.'

मॉप म्हणजे पोटातले रक्त टिपण्याची कापडाची घडी. शस्त्रक्रियेपूर्वी त्या मोजतात, पोट बंद करण्यापूर्वी मोजतात आणि शेवटी पुन्हा मोजतात. शस्त्रवैद्य म्हणाले, 'परत मोज.' तिने मोजल्या आणि म्हणाली, 'कमीच आहे, सर.' ते म्हणाले, 'खाली कोठे पडला असेल.' त्या वेळी आम्ही काय केले? दुसऱ्या रुग्णालयातून आम्हांला दोनदा बोलावणे येऊन गेले होते. आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, 'सिस्टर, बादलीत बघा.' तिने बादली पाहिली. तेथे मॉप नव्हता. तिने एकदा शस्त्रवैद्यांकडे पाहिले, एकदा आमच्याकडे पाहिले. तिसऱ्यांदा ती बोलली नाही. पोट शिवले गेले.

आठव्या दिवशी ताप आणि पोटफुगी यांमुळे ते पुन्हा उघडावे लागले. मॉप तेथे होता. ती बाई वाचली. पण आठ दिवसांच्या तान्ह्याला सोडून तिला पुन्हा त्या टेबलावर यावे लागले, आणि तिच्या नवऱ्याने दुसऱ्या खर्चासाठी काय विकले ते आम्ही विचारले नाही. रुग्णालयात चौकशी झाली. दोष सिस्टरचा ठरला, कारण मोजणी तिची होती. ती दोनदा बोलली होती हे आम्हांला ठाऊक होते. त्या चौकशीत आम्ही गप्प बसलो.

श्रोतेहो, या प्रसंगात अज्ञानी कोणीच नव्हते. शस्त्रवैद्यांचे टाके उत्तम होते. आमची भूल बिनचूक होती. सिस्टरची मोजणी तर अचूकच होती. कोणत्याही विद्यापीठाने त्या रात्री आम्हां तिघांची परीक्षा घेतली असती तर तिघेही उत्तीर्ण झालो असतो. जे चुकले ते तिघांच्या मधल्या जागेत चुकले. त्या मधल्या जागेतील गुणांना अलीकडे तंत्रेतर कौशल्ये म्हणतात. म्हणजे हाताच्या कसबाखेरीज जी कौशल्ये लागतात ती: परिस्थितीचे भान, वेळेवर निर्णय, बोलणे व ऐकणे, सहकार्य आणि पुढारपण.

हा विचार प्रथम वैद्यकात निघाला नाही, विमानांत निघाला. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटाच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन प्रचंड विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. त्यांपैकी केएलएम कंपनीच्या विमानाचा मुख्य वैमानिक कोणी नवशिका नव्हता. तो त्या कंपनीत इतर वैमानिकांना शिकविणारा होता. विमान धावू लागले तेव्हा मागे बसलेल्या अभियंत्याने विचारले की, ते दुसरे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झाले नाही काय? मुख्य वैमानिकाने ठासून सांगितले की झाले आहे. अभियंता पुन्हा बोलला नाही. आमची सिस्टर दोनदा बोलली होती, तो एकदाच बोलला.

त्यानंतर १९७९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने या प्रश्नावर परिषद भरविली, आणि १९८१ पासून युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांना उड्डाणाबरोबर एकमेकांशी बोलण्याचेही शिक्षण देण्यास आरंभ केला. कनिष्ठाने कसे टोकावे, वरिष्ठाने ते कसे ऐकावे, याचा रीतसर अभ्यास झाला आणि पुढे त्याची परीक्षाही होऊ लागली.

वैद्यकाला हे शहाणपण उशिरा सुचले. २००५ साली इंग्लंडमध्ये एक तरुण स्त्री नाकाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर तिच्या श्वासनलिकेत नळी जाईना. तीन अनुभवी डॉक्टर त्या एकाच खटपटीत गुंतून राहिले आणि वेळेचे भान कोणालाच उरले नाही. एका परिचारिकेने गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग उघडण्याचे साहित्य आणून ठेवले व तसे सांगितलेही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली. पण डॉक्टरांच्या चेहऱ्यांवरून तिला वाटले की आपण उगाच घाबरलो, आणि तिने ती खाट रद्द केली. तेरा दिवसांनी ती स्त्री गेली. तिचा नवरा वैमानिक होता. त्याने कोणाला शासन व्हावे असा हट्ट धरला नाही. आमच्या धंद्यात अशा वेळी काय चुकले ते शोधून सर्वांना शिकवितात, तसे तुम्ही का करीत नाही, असा त्याचा प्रश्न होता. २००७ साली त्याने त्यासाठी एक संस्थाच उभी केली. शोक पुष्कळांच्या वाट्याला येतो. पण शोकातून इतका नेमका प्रश्न विचारणारा माणूस विरळा.

आता प्रश्न असा की, ही कौशल्ये मोजावयाची कशी? काही जण म्हणतील, मोजण्याचे कारणच काय? आमच्या थिएटरमध्ये सगळे एका कुटुंबासारखे आहेत. या म्हणण्याला २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने उत्तर दिले आहे. सेक्स्टन, थॉमस आणि हेल्मराइख या संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील वैद्यकीय कर्मचाऱ्यांस आणि वैमानिकांस सारखेच प्रश्न विचारले. वरिष्ठ शस्त्रवैद्यांशी सहकार्य उत्तम चालते काय? स्वतः वरिष्ठ शस्त्रवैद्यांपैकी ६४ टक्क्यांनी, चालते, असे सांगितले. शस्त्रक्रियेच्या परिचारिकांत हे प्रमाण २८ टक्के निघाले, आणि भूल देण्याचे शिक्षण घेणाऱ्या कनिष्ठ डॉक्टरांत केवळ १० टक्के. टेबल तेच, शस्त्रक्रिया त्याच; वरून पाहावे तर कुटुंब दिसते आणि खालून पाहावे तर दरबार दिसतो. त्याच पाहणीत, कनिष्ठांचे ऐकून न घेणारी उतरंड आम्हांस नको असे ९४ टक्के वैमानिक म्हणाले. शस्त्रवैद्यांत तसे म्हणणारे ५५ टक्केच होते. तेव्हा आपापली परीक्षा आपणच घेऊन चालणार नाही. बाहेरच्या डोळ्यांनी पाहावयास हवे.

असे पाहण्याची पद्धत स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रोना फ्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांच्या मदतीने तयार केली. भूलतज्ज्ञांसाठीची कसोटी २००३ साली प्रसिद्ध झाली, शस्त्रवैद्यांसाठीची २००६ साली, आणि पुढे हत्यारे देणाऱ्या परिचारिकांसाठीही तशी कसोटी झाली. शस्त्रवैद्यांच्या कसोटीत चार मुख्य भाग आहेत: परिस्थितीचे भान, निर्णय, संवाद व सहकार्य, आणि नेतृत्व. प्रत्येकाचे तीन पोटभाग, म्हणजे एकूण बारा. प्रत्येकाला एक ते चार गुण. एक म्हणजे रुग्णाला धोका होईल असे वागणे. चार म्हणजे दुसऱ्याने कित्ता गिरवावा असे वागणे.

या पद्धतीचे मर्म एका गोष्टीत आहे. ती माणसाचा स्वभाव मोजीत नाही, त्याचे दिसणारे व ऐकू येणारे वर्तन मोजते. 'डॉक्टर तापट आहेत' हा शेरा तेथे चालत नाही. 'मोजणी कमी असल्याचे सांगितल्यावर शिवण थांबविली नाही' हा चालतो. पहिल्या शेऱ्यावर भांडण होते, दुसऱ्यावर सुधारणा होऊ शकते. तापट माणूस एका सायंकाळच्या शिकवणीने शांत होणार नाही. पण मोजणी जुळेपर्यंत हात थांबविण्याची सवय त्याला खचित लावता येईल.

त्या रात्री कोपऱ्यात असा परीक्षक बसला असता तर त्याने काय लिहिले असते, हा हिशेब आम्ही पुष्कळदा केला आहे. सिस्टर: धोका ओळखला, सांगितला, पुन्हा सांगितला. तीन गुण. चौथा नाही, कारण तिसऱ्यांदा बोलली नाही. पण तो गुण तिचा गेला की आम्ही घेतला, हा प्रश्न आहे. शस्त्रवैद्य: माहिती मिळूनही निर्णय बदलला नाही. एक गुण. भूलतज्ज्ञ: रुग्ण स्थिर आहे, पाच मिनिटे थांबण्यास हरकत नाही, हे तिघांत फक्त त्यालाच अधिकाराने सांगता आले असते, आणि त्याने ते सांगितले नाही. एक गुण. म्हणजे ज्या एका व्यक्तीला चौकशीने दोषी ठरविले, तीच काय ती या परीक्षेत उत्तीर्ण झाली असती. या मूल्यमापनाची थोरवी आम्हांला कोणत्याही ग्रंथाने पटविली नाही, ती या हिशेबाने पटविली.

तथापि ही पारख करणे सोपे नाही. दोन परीक्षक एकच शस्त्रक्रिया पाहतील आणि निरनिराळे गुण देतील. एक हात राखून देईल, दुसरा सढळ हाताने. नामांकित डॉक्टरला नावाचे गुण मिळतील. रोगी बरा झाला की सारेच चांगले होते असे वाटेल, आणि दगावला की सारेच वाईट. शिवाय कोणी पाहत आहे म्हटल्यावर सासुरवाशिणीप्रमाणे सगळेच जपून वागतात. यावर उपाय आहेत. परीक्षकांना आधी एकत्र बसवून रंगीत तालमीच्या शस्त्रक्रियांची चित्रफीत दाखवितात, गुण देण्यास सांगतात आणि मतभेद का झाला याची चर्चा करवितात. असे करता करता त्यांची मापे जुळतात. एकाच शस्त्रक्रियेवरून निकाल देत नाहीत. दोघांनी स्वतंत्रपणे पाहावे असा आग्रह धरतात. व्यक्तीला गुण द्यावेत की सबंध गटाला, हाही वाद आहे. ऑक्सफर्डच्या पद्धतीत शस्त्रवैद्य, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका अशा पोटगटांना गुण देऊन मग एकूण गटाचा विचार करतात, आणि आम्हांला ते अधिक पटते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती त्या देशांत एवढी नसेल. आपल्याकडे मोठ्यांपुढे न बोलणे याला संस्कार म्हणतात. शस्त्रवैद्य 'सर', सिस्टर 'सिस्टर', वॉर्डबॉय 'मामा' आणि झाडणारी 'मावशी'. या नात्यांत माया आहे हे खरे, पण पायऱ्याही आहेत, आणि त्या पायऱ्यांत शिक्षणाबरोबर जात, पैसा आणि स्त्रीपुरुषभेद हे सारे मिसळलेले आहे. औषधांची नावे इंग्रजीत, रागावणे मराठीत आणि शंका मनातल्या मनात, अशी आपल्या थिएटरांची त्रिभाषिक व्यवस्था आहे. तेव्हा अ‍ॅबर्डीनचा कागद जसाच्या तसा आणून भागणार नाही. धोक्याच्या वेळी म्हणावयाचे वाक्यच आपण मराठीत ठरवून द्यावे. 'सर, एक मॉप कमी लागतोय' या वाक्यात 'लागतोय' हा शब्द आदराने आला आहे, आणि त्या आदराने धोक्याची धार बोथट केली आहे. 'सर, थांबा. मोजणी जुळत नाही.' हे वाक्य ठरलेले असावे. ते मावशीने उच्चारले तरी सर्वांचे हात थांबावेत. ठरलेले वाक्य म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही. स्टेशनमास्तर खाजगी क्रमांक मागतो तेव्हा पलीकडच्याला राग येत नाही. ती रीतच आहे.

येथे एका मराठी घराण्याचा उल्लेख करावयास हवा. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्यात उटी नावाचे खेडे आहे. तेथील शेतकऱ्याचा मुलगा आत्माराम गावंडे डॉक्टर होऊन अमेरिकेत स्थायिक झाला. त्याचे चिरंजीव अतुल गावंडे हे शस्त्रवैद्य आणि लेखक म्हणून जगाला ठाऊक आहेत. त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी यादी तयार केली. एकोणीस कलमांची, एका पानावर मावणारी. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी अशा तीन वेळा थांबून ती मोठ्याने वाचावयाची. रुग्ण हाच ना? बाजू हीच ना? मोजणी जुळली ना? आणि एक कलम असे की, खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावयाचे. ज्याने एकदा तोंड उघडले तो पुढे अडचणीच्या वेळीही उघडतो, असा त्यामागील विचार. दिल्ली धरून जगातील आठ शहरांत ती वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्या, आणि मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर.

हे ऐकून आपणांस वाटेल की, मग काय, याद्या छापून भिंतीवर लावाव्या! पण पुढील हकीकतही सांगितली पाहिजे. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात यादी सर्व रुग्णालयांत सक्तीची झाली. १०१ रुग्णालयांचा हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झाला. मृत्यूंत म्हणण्याजोगा फरक पडला नव्हता. उत्तर प्रदेशात बाळंतपणासाठी अशीच यादी देऊन, शिक्षक नेमून, मोठा प्रयोग झाला. २०१७ साली निष्कर्ष आला: कामाच्या पद्धती सुधारल्या, पण माता व बालकांचे मृत्यू कमी झाले असे दिसले नाही. याउलट अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत यादीबरोबरच सबंध गटाला एकत्र बसवून शिक्षण दिले, शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर चर्चा करावयास लावली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणे शिक्षण मिळालेल्या ७४ रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १८ टक्क्यांनी घटले, आणि न मिळालेल्या ३४ रुग्णालयांत ७ टक्क्यांनी. यावरून आमचे अनुमान असे की, नुसत्या खुणा करून काही साधत नाही. शस्त्रक्रिया संपल्यावर मागील तारखेने सगळ्या चौकटी भरणारी सिस्टर आम्ही पाहिली आहे, आणि खाली सही करणारे डॉक्टरही. यादी वाचताना माणसे एकमेकांशी खरोखर बोलतात काय, हे पाहावयास हवे. म्हणूनच नुसत्या यादीच्या पलीकडे जाऊन सहकार्याची पारख करण्याची गरज उरते.

असे बोलणे आपल्या मातीत रुजत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने लांब जाऊ नये, आपल्याच जिल्ह्यात जामखेडला जावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या पतिपत्नींनी १९७० साली तेथे काम सुरू केले. खेड्यांतील स्त्रिया, त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक गावकुसाबाहेरच्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्या डॉक्टरांबरोबर एकत्र बसत, आपल्या गावातील दुखणी सांगत, आणि डॉक्टर ती ऐकून घेत. कोणत्या गरोदर बाईला धोका आहे हे ओळखण्याचे काम त्यांच्यावर सोपविलेले असे. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पारितोषिकाहून मोठी गोष्ट ही की, अक्षरओळख नसलेली बाई एम.बी.बी.एस. माणसाला 'तुमचे चुकते आहे' असे म्हणू शकेल, अशी बैठक नगरच्या दुष्काळी भागात घडविता आली. जामखेडच्या बैठकीत जे साधले ते शस्त्रक्रियागृहात का साधू नये?

काही आक्षेप रास्त आहेत, ते टाळता येणार नाहीत. लहान रुग्णालयात माणसे कमी, रात्र मोठी. तेथे परीक्षकाला कोठून आणावे? दुसरे असे की, १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निर्णय दिला. तेव्हापासून डॉक्टरांना प्रत्येक कागदाची धास्ती वाटते. आपल्या चुकीची नोंद आपणच का करून ठेवावी? तिसरे, डॉक्टरांवर हात टाकणाऱ्या जमावासाठी महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला, ही आपल्या समाजाची स्थिती आहे. भ्यालेला माणूस चूक कबूल करीत नाही.

यावर आमचे उत्तर असे. परीक्षक बाहेरूनच यावा असे नाही. गावातील चार रुग्णालयांनी ठरवावे की, महिन्यातून एकदा एकाने दुसऱ्याकडे जाऊन पाहावे. शस्त्रक्रिया संपल्यावर पाच मिनिटे सर्वांनी, मावशीसकट, उभ्या उभ्या बोलावे: काय चांगले झाले, काय अडले, पुढच्या वेळी काय बदलावयाचे. याला पैसा लागत नाही. आणि या पारखेचा उपयोग शिक्षणासाठी व्हावा, शिक्षेसाठी होऊ नये. पगार, बढती किंवा खटला यांच्याशी तिची सांगड घातली की दुसऱ्याच दिवशी सर्वांना चारपैकी चार गुण मिळू लागतील आणि मॉप पोटातच राहतील. सरकारी पातळीवरही वारे फिरले आहे. प्रसूतिगृहे आणि तेथील शस्त्रक्रियागृहे सुधारण्यासाठी 'लक्ष्य' ही योजना केंद्र सरकारने २०१७ साली आणली, आणि २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांना रीतसर स्थान मिळाले. पण डॉक्टर वेगळे शिकतात आणि परिचारिका वेगळ्या शिकतात. एकत्र काम करावयाचे त्यांनी एकदाही एकत्र शिकू नये, हे आमच्या मते मुळातले वैगुण्य आहे.

आणि आपण श्रोत्यांनी काय करावे? पुढच्या वेळी दाराबाहेर बसण्याची पाळी आली तर हातगुणाची चौकशी अवश्य करा. पण आणखी दोन प्रश्न नम्रपणे विचारा. आत कोण कोण असणार आहे? आणि तुमच्याकडे ती यादी मोठ्याने वाचतात काय? ज्या डॉक्टरला हे प्रश्न आवडतील त्याच्याकडे निर्धास्त जा. ज्याला आवडणार नाहीत त्याच्याशी भांडू नका. प्रश्न मात्र विचारून ठेवा. पुष्कळांनी विचारले की रीत बदलते.

त्या सिस्टरची नोकरी त्या चौकशीनंतर गेली. पुढे पुष्कळ वर्षांनी ती आम्हांला एका बसस्थानकावर भेटली. आम्ही क्षमा मागितली. ती म्हणाली, 'सर, मी तिसऱ्यांदा बोलायला हवं होतं.' इतक्या वर्षांनंतरही ती दोष स्वतःकडेच घेत होती, आणि तेही आम्हांला 'सर' म्हणून. आम्ही तिला सांगितले की, नाही, दुसऱ्यांदाच आम्ही ऐकावयास हवे होते. हे तिला एकटीला सांगून पुरेसे नव्हते. चौकशीत जे बोललो नाही ते चार लोकांत बोलावे, म्हणून आजचे व्याख्यान.